मुठी उघडून बघ

२ मार्च

आत्या, तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. तुमचं कानाचं यंत्र माझ्या आवाजाला शिट्ट्या मारतं आणि मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्या वाटतात. त्यापेक्षा कागद बरा. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र बंद असतं, तेव्हा लिहितेय. कागदावर पांढरी पूड दिसली तर ती काचेची आहे, झटकून टाका.

बातमी अशी, की भुंग्याचं ऑपरेशन करायचं ठरलंय. घाबरू नका, तुमच्या वाटचं मी घाबरून घेतलंय. त्याची डाव्या बाजूची गोटी खाली पिशवीत उतरलीच नाही, जांघेत अडकून बसलीय. आंघोळ घालताना मला शंका यायची. तुमचे भाचे म्हणायचे, "उतरेल, घाई काय आहे?" रोज लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवणाऱ्या माणसाने असं म्हणावं, याला काय म्हणायचं! आता पोरगा साडेचार वर्षांचा झाला. मुलांचे सर्जन म्हणाले, खरं तर उशीरच झालाय. जांघेत छोटा छेद घ्यायचा, गोटी खाली आणून टाक्याने बसवायची, तासाभराचं काम, संध्याकाळी घरी. २९ तारीख दिलीय.

तुम्ही चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीत. ऑपरेशनला जाणारी मुलं तयार करून दारापर्यंत पोचवायचं काम तुमचं, हे बाबा किती अभिमानाने सांगायचे. बाबांना जाऊन वर्ष होईल, आता घरात विचारायला मोठं माणूस तुम्हीच. याला काय सांगू आणि कधी सांगू? तुमच्या भाच्यांचा बेत असा, की "नवी लिफ्ट बघायला जाऊ" म्हणून न्यायचं आणि आत सोडायचं. मी म्हटलं, मग जन्मात पोरगा लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही, बसा.

भुंगा दिवसभर गुणगुणत फिरतोय, त्याला काही ठाऊक नाही. लवकर लिहा.

तुमची सून


६ मार्च

सूनबाई,

पूड झटकली. थोडी नाकात गेली. चष्मा लावून शिंकले.

भाच्याला सांग, लिफ्टचा बेत त्याने त्याच्या लिफ्टमध्येच कोंडून ठेवावा. मुलाशी खोटं बोलायचं नाही. खोटं बोलून आणलेलं मूल दारात आईकडे असं बघतं, की आठवडाभर घास उतरत नाही. मी बघितलंय ते.

तीन दिवस आधी सांग, त्याच्या आधी नको. एवढ्या लहान मुलाला आठवडा म्हणजे एक जन्म वाटतो. कुठल्या जागेचं ऑपरेशन ते हात लावून, नाव घेऊन सांग, लाजू नकोस. "तुझी एक गोटी वर अडकलीय, डॉक्टर ती खाली घरी आणणार" इतकं पुरे. "दुखणार नाही" म्हणू नकोस. "थोडं दुखेल, औषध देऊ, आई जवळ असेल" म्हण. भूल म्हणजे झोप, असं सांगताना जपून. नुसती झोप म्हटलंस तर ते रात्री झोपायला घाबरेल. "डॉक्टरांची खास झोप, डॉक्टरच त्यातून उठवतात" असं म्हण. आणि खेळ खेळ. चहाच्या गाळण्याचा मास्क कर, त्याच्या आवडत्या खेळण्याच्या तोंडावर धर, दहा अंक मोजायचे, खेळणं झोपलं, मग त्याला उठवायचं. रोज एकदा. मुलांना जे आधी हाताळायला मिळतं त्याचं भय निम्मं होतं.

आता खाण्याचं. हे नीट वाच, दोनदा वाच. डॉक्टर जी वेळ सांगतील त्यानंतर पोटात कणही जाता कामा नये. ते रडेल, भूक भूक करेल, तुझ्या पदराला लोंबकळेल. ऐकायचं नाही. उशीखाली बघ. खिसे उलटे करून बघ. गालात बोट घालून बघ. आणि दवाखान्यात आत सोपवायच्या आधी त्याच्या मुठी उघडून बघ. दोन्ही. मूल मूठ कशासाठी वळतं हे आपल्याला वाटतं आपल्याला कळतं, पण कळत नाही. त्या दिवशी सकाळी घरात दुसरं लहान मूल येऊ देऊ नकोस. शेजारचं, नात्यातलं, कुणाचंच नाही. लहान मुलांना दया फार लवकर येते.

मी कधी आत गेले नाही, फक्त दारापर्यंत. थिएटरला ये म्हणून मोठ्या सिस्टरने तीनदा सांगितलं, तीनदा नाही म्हटलं. पण दारापर्यंतचं काम माझ्याइतकं कडक कुणी केलं नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही मुलाच्या पोटात काही नव्हतं.

ऑपरेशन करायलाच हवं ना? डॉक्टर म्हणतात तर हवंच.

आत्या


१२ मार्च

आत्या,

तुमच्या पत्राची घरात पारायणं झाली. खाण्याच्या पानावर तुमचे भाचे म्हणाले, "आत्या पोलिसात हवी होती." मी त्यांच्या मुठी उघडून बघितल्या तर एकीत शेंगदाणे निघाले.

तीन दिवस आधी सांगायचं म्हणालात, पण खेळ आत्तापासून सुरू केलाय. भुंग्याचं ते एका कानाचं अस्वल रोज बेशुद्ध होतं. गाळणं धरतो, दहा म्हणतो, आठ विसरतो, मला म्हणतो, "डॉक्टर, कात्री." अस्वलाच्या पोटातला निम्मा कापूस बाहेर आलाय. एक नियम त्याने स्वतः केलाय, आधी अस्वल, मग तो. अस्वलाला मास्क लावल्याशिवाय स्वतःला लावून घेत नाही.

परवा मात्र एक झालं. दहा म्हणून झालं, कात्री झाली, पट्टी झाली. मग त्याने अस्वलाला हलवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, हे उठत नाहीये." मी म्हटलं, तू उठव की. म्हणाला, "मी उठवतोय, पण ते उठत नाहीये." चेहरा इतका गंभीर, की माझ्या हातातली वाटी हातातच राहिली. शेवटी मीच अस्वलाचा आवाज काढून उठले.

दुसरी गोष्ट विचारायची होती. दवाखान्याने एक कागद भरायला दिलाय. त्यात एक रकाना आहे, घरात कुणाला भूल दिल्यावर काही त्रास झाला होता का? तुमच्या भाच्यांनी "नाही" लिहून टाकलं. म्हणाले, आमच्या घरात कुणी टेबलावर चढलंच नाही. बाबा तर वीस वर्षं हर्नियाचा पट्टा बांधून फिरले, पण सर्जनच्या दारात गेले नाहीत. आम्ही किती चेष्टा करायचो त्या पट्ट्याची. मला तेव्हाही वाटायचं, हा माणूस सापाला भीत नाही, साहेबाला भीत नाही, याला एवढ्याशा ऑपरेशनची का भीती?

तर अस्वलाच्या पट्टीसाठी मऊ जुनं कापड हवं म्हणून मी बाबांची पेटी उघडली. तळाशी एक फोटो मिळाला. तीन मुलं ओळीने. थोरले बाबा असणार, कान तेच. मधली दोन वेण्यांची, ती तुम्ही. धाकटा पुढे उभा आहे, भुंग्याएवढा, दोन्ही मुठी घट्ट मिटून. मला वाटलं आमच्या भुंग्याचाच फोटो आहे. पाठीमागे बाबांच्या अक्षरात तारीख आहे आणि खाली लिहिलंय, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी."

तुमचे भाचे म्हणतात, एक काका लहानपणी तापाने गेला एवढंच त्यांना माहीत आहे. मग हे ऑपरेशन कसलं? रकान्यात काही लिहायला हवं का? कागद २१ तारखेपर्यंत बदलता येतो.

तुमची सून


१६ मार्च

सूनबाई,

पत्र मिळालं. तब्येत बरी आहे. गुडघे आहेत तसेच.

धाकट्याला हर्निया होता. रडला की जांघेत फुगा यायचा. त्याचं ऑपरेशन झालं, ते नीट झालं, तो घरी आला. मग पुढे ताप आला आणि त्यात गेला. त्या काळी मुलं तापाने जायचीच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. रकान्यात "नाही" लिहिलंय ते बरोबर आहे, तसंच राहू दे.

दादाचा पट्टा हा त्याचा हट्ट होता. त्याच्या माघारी त्याला हसू नका.

फोटो परत पेटीत ठेव. मुलाच्या दृष्टीला पडू देऊ नकोस. बासष्ट वर्षं झाली, आता उकरून कुणाचं भलं होणार नाही. तू तुझ्या मुलाकडे लक्ष दे. त्याला उपाशी ठेव, बाकी सगळं डॉक्टर बघतील.

आत्या


१८ मार्च

आत्या,

घाईत लिहितेय, भुंगा मांडीवर आहे, अक्षर त्याच्या ढुशांचं आहे.

तारीख अलीकडे आली. सर्जनकडचं एक मूल आजारी पडलं, जागा रिकामी झाली. २९ ऐवजी आता २२ ला सकाळी आठ वाजता. मला बरंच वाटलं, जीव टांगणीला लागला होता तो आठ दिवस आधी सुटेल. आदल्या दिवशी चार वाजता भूलतज्ज्ञ बाई त्याला तपासणार आहेत.

उद्या त्याला सांगायचं आहे. तुम्ही लिहिलंय तसंच सांगेन.

तुमचं फोटोबद्दलचं उत्तर अजून आलं नाही. फोटो मी पुस्तकांमागे लपवला होता, तो त्याने शोधून काढलाच. "हा कोण?" म्हणाला. मी म्हटलं, तुझे छोटे आजोबा, त्यांचंही ऑपरेशन झालं होतं. त्याने फोटोला गाळणं लावलं, दहा म्हटलं. मग मला विचारतो, "हा उठला का?"

मी म्हटलं, उठला. तुम्ही खोटं बोलू नका म्हणाला होतात. पण मला खरं ठाऊकच नाही, तर मी काय बोलणार होते?

तुमची सून


१८ मार्च

पोरी,

परवाचं पत्र टाकलं, ते टपालपेटीतून परत काढता येत असतं तर काढलं असतं. दोन दिवस अन्न गोड लागत नाही. अजून अकरा दिवस आहेत म्हणून धीर करून लिहितेय. दुपारची वेळ आहे, खाली मुलं चेंडू खेळतायत, मी कानाचं यंत्र काढून ठेवलंय.

मी तुला खोटं लिहिलं. धाकटा घरी आलाच नाही.

मी दहा वर्षांची होते, दादा तेराचा, तो पाचाला टेकलेला. सकाळी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. बाकावर बसवलं. त्याला आदल्या संध्याकाळपासून काही दिलं नव्हतं. तो रडत नव्हता, तेच वाईट होतं. नुसता माझ्या फ्रॉकच्या खिशाकडे बघत होता, कारण त्याला माहीत होतं खिशात काय आहे. आई कागदावर सही करायला गेली. मी बिस्किट काढलं, मोडलं, अर्धं मी खाल्लं आणि अर्धं त्याच्या मुठीत दिलं. त्याने लगेच खाल्लं नाही. मूठ मिटून धरली आणि माझ्याकडे बघून हसला. सिस्टर आली, उचलून घेऊन गेली. दारातून आत जाताना त्याने मूठ तोंडाला लावलेली मी बघितली. दादानेही बघितली.

अर्धा तास झाला असेल, आणि आत पळापळ सुरू झाली. एकजण बर्फ मागत बाहेर धावला. दार उघडं राहिलं आणि मी लोकांच्या हाताखालून आत शिरले. जाळीचा मास्क अजून तिथेच पडला होता. त्यांनी त्याच्यावर ओल्या चादरी टाकल्या होत्या आणि त्यांतून वाफा येत होत्या. पोट कापलेलं नव्हतं, कापायची वेळच आली नाही. मी त्याच्या पायाला हात लावला. किटलीला लागावा तसा चटका बसला. आणि पाय लाकडाचा झाला होता, वाकेना. दातखीळ बसली होती. एक डॉक्टर चमच्याने त्याचे दात उघडायला बघत होते आणि ते उघडत नव्हते. मग मला कुणीतरी बाहेर ओढलं.

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "याने काही खाल्लं होतं का?" आई म्हणाली, शपथेवर सांगते, पाण्याचा थेंब नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. दादाने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. नंतर जिन्यात त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तू कुणाला सांगू नकोस. मीपण नाही सांगणार." त्याने शब्द पाळला. बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. स्वतः पट्टा बांधून फिरला. लोकांना आम्ही सांगितलं, तापाने गेला. अंग तापलंच होतं, म्हणून आईला ते खोटंही वाटत नव्हतं.

मी नर्स का झाले ते आता तुला कळलं असेल. प्रत्येक मुलाची मूठ मी उघडून बघितली, पण जी उघडायची ती उघडली नव्हती.

हे तुला का सांगतेय? तर तू माझं खाण्याचं पान हसण्यावारी नेलंस म्हणून. पोरी, हसू नकोस. अर्ध्या बिस्किटाने माझा भाऊ गेला. माझ्याकडे बघून हसला आणि गेला. याच्या मुठी बघ.

आत्या


२३ मार्च

आत्या,

आधी हे वाचा. भुंगा घरी आहे. बरा आहे. त्याचं ऑपरेशन झालेलं नाही. आता बाकीचं सांगते, बसून वाचा.

तारीख २२ झाल्याचं माझं पत्र तुम्हाला काल मिळालं असेल. तुमची दोन्ही पत्रं मला मिळाली. ताप आणि ऑपरेशनचा संबंध नाही म्हणालात ते पत्र २० ला आलं. ते वाचून मी निर्धास्त झाले. २१ ला भूलतज्ज्ञ बाईंनी भुंग्याला तपासलं. पोक्त बाई आहेत, केस पांढरे, हातात चॉकलेटी पिशवी. त्यांनी कागद बघितला आणि तरी पुन्हा तोंडाने विचारलं, "घरात कुणाला भूल दिल्यावर एकदम ताप भरला, अंग ताठ झालं, कुणी टेबलावर गेलं, असं काही?" माझ्या डोळ्यांसमोर तो फोटो आला. आत्या, खरंच आला. पण तुमचं पत्र पर्समध्ये होतं. मी म्हटलं, नाही.

घरी आलो तर दारात तुमचं तिसरं पत्र पडलेलं. जाड होतं. मी हातात घेतलं आणि मला हसू आलं. म्हटलं, आत्यांनी आणखी दोन पानं बिस्किटांवर लिहिली असणार. भुंग्याचे कपडे भरायचे होते, अस्वलाचं पोट शिवायचं होतं. पत्र पिशवीत टाकलं. न वाचता. ही गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

काल सकाळी सगळं तुम्ही सांगितलं तसं झालं. तो दारात रडला नाही. सिस्टरला म्हणाला, "माझी गोटी खाली घरी आणायची आहे." मी त्याच्या मुठी उघडून बघितल्या, रिकाम्या होत्या. अस्वलाला काखोटीला मारून आत गेला. मी बाकावर बसले. तुमचे भाचे कोपऱ्यातल्या लिफ्टपाशी जाऊन कान लावून उभे राहिले, तिचा कुठलासा दोर घासतोय म्हणे. माणसाला काळजी वाटली की त्याचे हात काम शोधतात. माझे हात पिशवीत गेले. पत्र उघडलं.

बिस्किटापर्यंत मी रडत वाचलं. तुमच्यासाठी रडत होते. मग पाय लाकडाचा झाला, दातखीळ बसली, तिथे आले आणि माझं रडणं थांबलं. बाईंनी विचारलेले शब्द तेच होते. ताप. अंग ताठ. टेबलावर. मला वैद्यकातलं काही कळत नाही, मी काचा घासते. पण मापाला माप जुळलं की मला कळतं.

मी दार वाजवलं. सिस्टर म्हणाली, आता आत येता येत नाही, सुरू झालंय. मी काय बोलले मला आठवत नाही, फार मोठ्याने बोलले. ती दार लोटायला लागली. ते आपोआप मिटणारं दार आहे. तेवढ्यात तुमचे भाचे धावत आले आणि त्यांनी मिटत्या दारात बूट घातला, लिफ्टच्या दारात घालतात तसा. म्हणाले, "बाईंना बाहेर बोलवा, त्याशिवाय पाय काढत नाही."

त्या बाहेर आल्या. हातमोजे होते म्हणून मी पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. एकदाच विचारलं, "हा मुलाचा कोण?" तुमचे भाचे म्हणाले, माझा सख्खा काका. बाई मागे वळल्या आणि दारातूनच ओरडल्या, "गॅस बंद करा. मास्क काढा."

मी खाली बसले, आत्या. मला वाटलं लावला.

लावला होता, पण अस्वलाला. भुंग्याने आत जाऊन सांगितलं, आधी अस्वल, मग मी. सिस्टर म्हणाली, वेळ नाही राजा. त्याने ओठ मिटले आणि मान फिरवली. मग बाईंनीच हसून मास्क अस्वलाच्या तोंडावर धरला आणि दहा मोजले. भुंगा म्हणाला, आठ राहिले, परत मोजा. त्यांनी परत मोजले. मी दार वाजवलं तेव्हा त्या मास्क त्याच्याकडे वळवत होत्या, तो तसाच अस्वलावर ठेवून बाहेर आल्या.

नंतर त्यांनी आम्हाला खोलीत बसवलं. त्या म्हणाल्या ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुमच्यासाठी आहे. "बिस्किटाने उलटी होऊन छातीत गेली असती. मूल निळं पडलं असतं, गुदमरलं असतं. तापलं नसतं, लाकूड झालं नसतं. हे खाण्याने होत नाही. काही माणसांच्या रक्तातच असतं, आईबापांकडून मुलांकडे येतं. एरवी जन्मभर कळत नाही, ठरावीक भूल दिली की अंग पेटतं. त्या काळी कुणाला हे नीट ठाऊक नव्हतं. त्या मुलाने काही खाल्लं असतं तरी तेच झालं असतं, नसतं खाल्लं तरी तेच."

मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, वाचलं त्यावरून तरी मला दुसरं काही दिसत नाही. बापलेकांचं रक्त तपासायला पाठवलंय, उत्तर यायला दीड महिना. तोवर दोघांच्याही अंगात ते आहे असंच धरून चालायचं. भुंग्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात वेगळ्या औषधाने, गॅस न वापरता, आणि उलटं काही झालं तर द्यायचं औषध हाताशी ठेवून करतील. होईल म्हणतात. त्या "होईल" म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आत्या, ते बिस्किट नव्हतं. तुम्ही बासष्ट वर्षं उगाच स्वतःला जाळलंत. तुम्हाला हे कळावं म्हणून मी काल दिवसभर कागद शोधत होते.

भुंगा विचारतो, त्याला उठवलं का नाही? मी म्हटलं, तू झोपलाच नव्हतास. तर म्हणतो, "मग अस्वल?"

तुमची सून


२७ मार्च

पोरी,

तुझी दोन पत्रं. तारखेचं पत्र २२ ला आलं. आठ वाजता टेबल, आणि माझ्या हातात पत्र दुपारी दोनला. मी शेजारच्या मास्तरांकडून तुझ्याकडे फोन लावून घेतला, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याने त्यांना निरोप दिला, "सगळं ठीक आहे, पत्र येतंय." मास्तरांनी मला तो पाटीवर लिहून दाखवला. पण त्या एका रात्रीपुरती मी पुन्हा दहा वर्षांची होऊन भिंतीला टेकून उभी होते.

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. तू लिहिलंयस, ते बिस्किट नव्हतं. तू हे माझं ओझं उतरवायला लिहिलंस, ते मला समजतं, तुझं मन मोठं आहे. मीही आधी मोठ्याने रडले. मास्तरांच्या घरी ऐकू गेलं म्हणे, मला काही ऐकू आलं नाही.

मग डोळे पुसले आणि पुढचं दिसलं. बिस्किट नव्हतं, तर मी तेव्हाच डॉक्टरांना सांगायला काय हरकत होती? सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बिस्किटाचं हे लक्षण नाही, दुसरं काहीतरी आहे. कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं असतं. दादाला त्याच्या हर्नियासाठी नीट विचारता आलं असतं. भाच्याला ठाऊक असतं. तुझ्या रकान्यात "हो" असतं. आणि मी चौतीस वर्षं त्या दारात उभी होते, माझ्या हाताशी आत शंभर डॉक्टर होते, त्यांतल्या एकालाही मी विचारलं नाही, की मूल लाकडासारखं होऊन का जातं? विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असं मला वाटत होतं. आणि परवा तू स्वच्छ विचारलंस, तेव्हाही मी लिहिलं, संबंध नाही. माझी अब्रू राखायला मी तुझा मुलगा त्या टेबलावर पाठवला होता. वाचवलं ते एका कानाच्या अस्वलाने.

धाकट्याला मी मारलं नाही, हे मानायला शिकेन. पण भुंग्याचं जे होता होता राहिलं, ते माझं आहे. ते मला उतरवून घ्यायचं नाही, तूही उतरवू नकोस.

पुढच्या महिन्यात मी येते. गुडघ्यांना विचारलेलं नाही. भूलतज्ज्ञ बाईंना सांग, एक म्हातारी येईल, तिला धाकट्याचं सगळं विचारा, ती सगळं सांगेल. आणि जमत असेल तर मला त्या दिवशी दारातून आत उभं राहू दे. कोपऱ्यात राहीन. मला बघायचं आहे की मूल उठतं.

अस्वलाला उठवलं का? भुंगा विचारतोय तर त्याच्यादेखत उठव. विसरू नकोस.

काल बाजारातून बिस्किटाचा पुडा आणला. धाकटा गेल्यापासून मी बिस्किट कधी तोंडाला लावलं नव्हतं, वॉर्डात मुलं द्यायची तरी नाही. खुर्चीत बसले, एक काढलं, मोडलं. माझं अर्धं खाल्लं. दुसरं अर्धं बशीत आहे.

आत्या